येशू पाप करू शकला असता का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी दृढीकरणाचा (बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीचा) वर्ग घेतो. तिथे दरवर्षी एक प्रश्न हटकून निघतो, आणि तो बहुधा लेंटच्या (ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाच्या) पहिल्या रविवारनंतर निघतो, कारण त्या दिवशी उपासनेत सैतानाने रानात घेतलेल्या येशूच्या परीक्षेचा उतारा वाचलेला असतो. विचारणारा कधी पंधरा वर्षांचा असतो, कधी त्याचे आजोबा. शेजारचे बौद्ध आणि मुस्लिम मित्रही विचारतात. त्या सगळ्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. येशूचा उल्लेख एकवचनी आहे, तो मराठी ख्रिस्ती वळणाप्रमाणे. आपण विठोबालाही अहो-जाहो करत नाही.

मूळ प्रश्न नेमका कोणता?

येथे दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. येशूने पाप केले का, हा पहिला. त्यावर ऐतिहासिक मंडळ्यांचे उत्तर एकमुखी आहे : नाही. पाप करणे त्याला शक्य तरी होते का, हा दुसरा, आणि वाद आहे तो यावर. जुन्या लॅटिन लेखकांनी हा फरक दोन छोट्या शब्दबंधांत पकडला होता. 'पोसे नॉन पेकारे' म्हणजे पाप न करणे शक्य असणे, आणि 'नॉन पोसे पेकारे' म्हणजे पाप करणेच शक्य नसणे. ऑगस्टीनने ही भाषा एदेन बागेतला आदाम आणि स्वर्गात पोहोचलेले संत यांच्यातला फरक सांगण्यासाठी वापरली. पुढे तोच प्रश्न येशूविषयी विचारला गेला : तो आदामासारखा होता, की त्याहून अधिक काही?

त्याने पाप केले नाही, हे कशावरून?

नव्या करारात हे एकाच लेखकाने म्हटलेले नाही. पौल २ करिंथ ५:२१ मध्ये म्हणतो, पेत्राचे पहिले पत्र २:२२ मध्ये म्हणते, योहानाचे पहिले पत्र ३:५ मध्ये म्हणते आणि इब्री लोकांस लिहिलेले पत्र ४:१५ मध्ये म्हणते. योहानाच्या शुभवर्तमानात (८:४६) येशू स्वतःच विरोधकांना विचारतो, की तुमच्यापैकी कोण मला पापी ठरवतो? यांतली पेत्राची आणि योहानाची साक्ष, ज्यांच्यासोबत तो जेवला, चालला आणि उघड्यावर झोपला, त्यांच्या नावे आलेली आहे, हे मला विशेष वाटते. माणसाचे दोष घरच्यांना आणि सोबत्यांनाच आधी कळतात.

मग 'करू शकला असता का' असे विचारण्याचे कारणच काय? केले नाही, एवढे पुरेसे नाही का?

पुरेसे वाटते खरे, पण बायबलमधली दोन वाक्ये शेजारी ठेवली की स्वस्थ बसवत नाही. इब्री ४:१५ म्हणते, की तो सर्व प्रकारे आपल्याप्रमाणे पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. याकोब १:१३ म्हणते, की देवाला वाईट गोष्टींचा मोह होत नाही. येशू देव आहे, असे ख्रिस्ती लोक मानतात. तो पूर्ण माणूस आहे, असेही मानतात. मग देव म्हणून त्याला मोह होऊच शकत नाही आणि माणूस म्हणून तो झालाच पाहिजे, अशी कोंडी होते. या कोंडीतून कोणी कसा मार्ग काढला, त्याचा इतिहास म्हणजेच पुढची बहुतेक उत्तरे.

'परीक्षा' आणि 'मोह' यांत फरक आहे का?

आहे, आणि अर्धा गोंधळ इथेच सुटतो. मूळ ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे, 'पेइराझो'. पारखणे आणि मोहात पाडणे हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. मराठी भाषांतरकारांना प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागली. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात त्यांनी 'परीक्षा' घेतले, याकोबाच्या पत्रात 'मोह' आणि इब्री ४:१५ मध्ये 'पारखलेला'. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'आम्हांला परीक्षेत आणू नको' म्हणतो, तिथेही त्याच क्रियापदापासून आलेले नाम आहे.

माझ्या मते 'पारखलेला' ही निवड फार नेमकी आहे, कारण हा शब्द सराफ्यातला आहे. इतवारीत सराफाच्या पेढीवर जुना दागिना मोडायला न्या आणि बघत उभे राहा. तो काळ्या कसोटीवर दागिना घासून एक रेघ ओढतो, शेजारी माहितीच्या कसाची दुसरी रेघ ओढतो आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब टाकतो. पितळेची भेसळ असेल तर रेघ डोळ्यांदेखत फिकी पडते, उडून जाते. बावनकशी सोन्याची रेघ आहे तशीच राहते. तेजाब दोन्ही रेघांवर सारखेच पडलेले असते. सोने टिकणारच होते म्हणून त्याची पारख खोटी झाली, असे कोणताही सराफ म्हणणार नाही.

पण पाप करणे शक्यच नव्हते, तर ती सगळी परीक्षा म्हणजे नाटकच नाही का?

हाच खरा अडचणीचा प्रश्न आहे. वर्गातल्या एका मुलाने तो माझ्यापेक्षा चांगला मांडला होता : "म्हणजे सर, पेपर आधीच फुटला होता असं झालं ना?" सोन्याचे उदाहरण त्याच्यापुढे टिकले नाही, कारण, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, सोन्याला काही दुखत नाही. त्याचे बरोबर होते. म्हणून दुसरे उदाहरण घेतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. अशा रात्री बांधावर काय होत असते, याचा विचार करावा. जो बांध पहिल्या तासातच फुटतो, त्याच्यावरचा ताण फुटण्याच्या क्षणी संपतो. पाणी वाट काढते आणि भिंत मोकळी होते. जो बांध सकाळपर्यंत उभा राहतो, त्याने पाण्याचा पूर्ण भार शेवटच्या इंचापर्यंत सोसलेला असतो. आपण मोहाला बळी पडतो तेव्हा नेमके हेच होते : ताण असह्य झाला की आपण हार मानतो आणि ताण उतरतो. मोहाची शेवटची पायरी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलीच नसते. येशूने ती पाहिली, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचे म्हणणे आहे (२:१८). तेव्हा पडणे शक्य नसल्यामुळे त्याची परीक्षा हलकी झाली, असे म्हणण्याऐवजी, त्यामुळेच ती अर्ध्यावर थांबली नाही, असे म्हणणे अधिक खरे आहे.

आता रानातला प्रसंगच पाहू. चाळीस दिवसांच्या उपासानंतर त्याला भूक लागली. भूक हे पाप नाही. सैतान म्हणाला, तू देवाचा पुत्र असलास तर या धोंड्यांच्या भाकरी होतील अशी आज्ञा कर. तुम्हांआम्हांला धोंड्याची भाकर करण्याचा मोह कधीच होत नाही, कारण ते आपल्याला जमतच नाही. तो मोह ज्याला जमते त्यालाच होऊ शकतो. भाकरी वाढवणेही पाप नव्हते, कारण पुढे पाच हजारांना त्याने तेच करून जेवू घातले. प्रश्न होता तो पित्यावर विसंबून राहायचे, की आपल्याजवळचे सामर्थ्य स्वतःसाठी वापरून त्या विसंबण्यातून सुटका करून घ्यायची, हा. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा आणि जगातली सर्व राज्ये मिळवण्याचा मोह याच जातीचा आहे. तिन्ही वेळा त्याने जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली वचने उत्तरादाखल दिली. इस्राएल लोक जिथे चाळीस वर्षे चुकत राहिले, त्या रानाशी निगडित अशीच ती वचने आहेत. सैतानानेही शास्त्रवचनच दिले, स्तोत्र ९१ मधले. ही गोष्ट आमच्या प्रवचनांत फारशी येत नाही, आणि यायला हवी.

शिवाय परीक्षा तिथे संपली नाही. सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला, असे लूक म्हणतो. पुढे वधस्तंभाखाली उभे राहिलेले लोक ओरडतात, की तू देवाचा पुत्र असशील तर खाली उतर. रानातले 'असशील तर' तेच. खिळे ठोकलेल्या माणसाला खाली उतरणे खरोखरच शक्य असेल, तर तो मोह केवढा असेल, हे सांगायला मला शब्द सापडत नाहीत. याला नाटक म्हणता येत नाही.

'करू शकला असता' असे मानणारे ख्रिस्ती विद्वान आहेत का?

आहेत, आणि ते पाखंडी नव्हेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे चार्ल्स हॉज हे अत्यंत सनातनी धर्मशास्त्री होते. त्यांचे मत असे, की परीक्षा खरी असेल तर तिच्यात पापाची शक्यता असलीच पाहिजे. ती नसेल तर ख्रिस्ताला आपल्याविषयी सहानुभूती कशी वाटणार? त्यांच्याच शतकातल्या विल्यम शेड यांनी उलट बाजू मांडली. लोखंडाची बारीक तार हाताने वाकते, पण तीच तार जाड कांबेला जोडून एकजीव केली की वाकत नाही, असे त्यांचे उदाहरण होते. येशूचा मानवी स्वभाव एकटा पाहिला तर तार आहे. पण तो कधी एकटा नव्हताच.

माझा कौल शेड यांच्या बाजूने आहे, पण हॉज यांची काळजी मला खरी वाटते. पाप ही कोणा 'स्वभावा'ची कृती नसते, ती व्यक्तीची कृती असते. आणि येशूच्या ठायी व्यक्ती एकच आहे, देवाचा पुत्र. 'मानवी स्वभावाने पाप केले, पण देवाच्या पुत्राने केले नाही' अशी वाटणी करता येत नाही. येशूने पाप केले असते, तर देवाने देवाविरुद्ध पाप केले, असे म्हणावे लागले असते, आणि त्या वाक्याला अर्थच उरत नाही.

मंडळीच्या जुन्या परिषदांनी यावर काय ठरवले?

इ. स. ४५१ मध्ये खाल्कीदोन येथील परिषदेने ठरवले, की ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे आणि पाप वगळता सर्व बाबतीत आपल्यासारखा आहे. ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे मोप्सुएस्तियाच्या थिओडोरचे मत धिक्कारले गेले. ख्रिस्त वासनांशी झगडत हळूहळू सुधारत गेला आणि पुनरुत्थानानंतरच पूर्णपणे पापातीत झाला, अशा आशयाचे मत त्याच्यावर ठेवले होते. ६८० ते ६८१ च्या परिषदेने म्हटले, की ख्रिस्ताला दोन इच्छा आहेत, दैवी आणि मानवी, आणि मानवी इच्छा दैवी इच्छेला विरोध न करता तिच्यामागे चालते. या शेवटच्या वाक्यासाठी माक्सिमस नावाच्या वृद्ध साधूने आयुष्य पणाला लावले होते. त्याची जीभ आणि उजवा हात छाटल्याचे परंपरा सांगते. ६६२ मध्ये तो हद्दपारीत वारला, आणि जवळजवळ वीस वर्षांनी त्याचेच म्हणणे मान्य झाले.

दोन इच्छा होत्या, तर गेथशेमानेत त्यांच्यात भांडण झाले का?

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने केलेल्या 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या प्रार्थनेवर माक्सिमसची सगळी मांडणी उभी आहे. मरणापासून मागे सरणे हे मानवी स्वभावाचे आरोग्यच आहे. जिवंत माणसाला मरण नकोसे वाटलेच पाहिजे. येशूची मानवी इच्छा खोटी असती, तर त्याला घाम फुटला नसता. पण नकोसे वाटणे आणि नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपलेल्या माणसाचे अंग चोरले जाते, तरी त्याने संमतीपत्रावर सही केलेली असते. गेथशेमानेत अंग चोरले गेले. सही मागे घेतली गेली नाही.

त्याचा स्वभाव आदामाच्या पतनानंतरचा, म्हणजे बिघडलेला होता का?

लंडनमध्ये गाजलेले स्कॉटिश उपदेशक एडवर्ड अर्विंग यांनी तसे शिकवले, आणि १८३३ मध्ये स्कॉटलंडच्या मंडळीने त्यांना पाळकपदावरून काढले. विसाव्या शतकात कार्ल बार्थ यांनी तशीच भूमिका घेतली आणि तिचा आदर झाला. दोघांच्या मागे चौथ्या शतकातल्या नाझियांझसच्या ग्रेगरीचे एक सूत्र आहे : जे धारण केले गेले नाही, ते बरे झालेले नाही. त्याने आपली थकणारी, भुकेली, मर्त्य अवस्था धारण केली, हे सगळेच मानतात. पण पापाकडे आतून असलेला ओढा त्याला होता, असे म्हणायला मी तयार नाही. याकोब १:१४ म्हणते तो आपल्याच वासनेने ओढला जाणारा मोह आणि रानात बाहेरून आलेला मोह एक नव्हेत.

ज्याला चुकताच येत नाही, त्याच्या चांगुलपणाचे कौतुक कसले?

आपण स्वातंत्र्याचा अर्थ 'दोन्ही वाटा मोकळ्या' असा करतो, म्हणून हा प्रश्न पडतो. पण आई तान्ह्या लेकराला तळ्यात फेकू शकत नाही. तिचे हात बांधलेले नसतात. तिच्याने ते होणारच नाही, एवढेच. या न होण्याला आपण तिच्या प्रेमाची खूण मानतो, तिच्या स्वातंत्र्यातली उणीव मानत नाही. येशूला पाप अशक्य होते ते अशा अर्थाने, बाहेरच्या कोणत्या सक्तीने नव्हे.

मंदिरातले सराफांचे चौरंग उलथले, अंजिराच्या झाडाला शाप दिला, हे पाप नव्हे का?

राग स्वतःहून पाप नाही. तो कशासाठी आणि कोणासाठी आहे, त्यावर ते ठरते. मंदिरात गरिबांच्या अर्पणावर चाललेला धंदा त्याने उधळला. अंजिराचे झाड हे जुन्या संदेष्ट्यांच्या धाटणीचे बोलके चिन्ह होते, आणि मार्क ते मंदिराच्या प्रसंगाच्या दोन्ही बाजूंना गुंफतो. 'मला उत्तम का म्हणतोस?' (मार्क १०:१८) यातही कबुलीजबाब नाही. विचारणाऱ्याला आपल्याच शब्दाचे वजन कळावे, म्हणून टाकलेला तो प्रश्न आहे.

'निष्कलंक गर्भसंभव' म्हणजे हेच का?

नाही. तो कॅथोलिक सिद्धांत येशूच्या नव्हे, तर त्याची आई मरिया हिच्या निष्पाप गर्भसंभवाविषयी आहे. पोप नववे पायस यांनी तो १८५४ मध्ये जाहीर केला. प्रोटेस्टंट मंडळ्या तो मानत नाहीत.

गौतम बुद्धालाही माराने मोहात पाडण्याचा प्रयत्न केला होता. दोन्ही कथा एकच सांगत नाहीत का?

दीक्षाभूमीच्या शहरात हा प्रश्न येणारच, आणि तो यावा. साम्य उघड आहे : एकांत, तपश्चर्या, कामाच्या आरंभी मोह घालणारा आणि न डगमगणारा माणूस. फरक आहे तो दोन्ही परंपरांना पुढे त्या माणसाकडून काय हवे, यात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध हा मोक्षदाता नसून मार्गदाता आहे, हे आग्रहाने मांडले. मार्ग दाखवणाऱ्याने स्वतः पूर्वी ठेच खाल्लेली असली, तरी मार्ग खोटा ठरत नाही. ख्रिस्ती लोक मात्र येशूला तारणारा म्हणतात. निर्गम १२ मधला, वल्हांडण सणाला बळी द्यायचा कोकरा निर्दोष असावा लागे. इब्री ७:२७ म्हणते, की या याजकाला आधी स्वतःच्या पापांसाठी अर्पण करावे लागत नाही. जो स्वतः कर्जात आहे, तो दुसऱ्याचे कर्ज फेडू शकत नाही. म्हणून येशूच्या निष्पापपणावर आमचे जेवढे अडते, तेवढे बौद्धांचे बुद्धाच्या पूर्वायुष्यावर अडत नाही. मुस्लिम मित्रांच्या परंपरेतही हजरत ईसा निष्पाप आहेत, पण पैगंबर म्हणून. प्रायश्चित्ताचा प्रश्न तिथे नाही.

नागपुरातल्या सगळ्या मंडळ्यांचे यावर एकमत आहे का?

पहिल्या प्रश्नावर आहे, दुसऱ्यावर थोडेफार. सेमिनरी हिल्सला जिच्यामुळे नाव पडले, ती सेमिनरी (धर्मगुरूंचे विद्यालय) कॅथोलिकांची, आणि त्या परंपरेत येशूला पाप अशक्य होते, हीच शिकवण आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रेदरन अशा वेगवेगळ्या वळणांच्या लोकांना एकत्र बांधले ते प्रेषितांच्या आणि निकेयाच्या मतांगिकाराने, म्हणजे विश्वास जाहीर करणाऱ्या दोन जुन्या ठरावीक विधानांनी. आणि त्या दोन्हींत 'करू शकला असता का' यावर एक शब्दही नाही.

याचा रोजच्या जगण्याशी काय संबंध?

दारू सोडलेला एक माणूस वर्गानंतर थांबून मला म्हणाला होता, की येशूला माझी तलफ काय कळणार, त्याने कधी ती चाखलीच नाही. मी त्याला बांधाचे उदाहरण दिले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, की संध्याकाळी सात ते नऊ या वेळात सगळ्यात जड जाते, आणि पूर्वी सव्वासातलाच बाटली उघडत असल्यामुळे नऊ वाजता कसे वाटते, हे त्याला माहीतच नव्हते. इब्री ४:१५ नंतरचे १६ वे वचन म्हणते, की म्हणून आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ. त्या 'म्हणून'चा अर्थ मला त्या संध्याकाळी अधिक कळला : जवळ जायचे ते अशा कोणाकडे, ज्याला नऊ वाजता काय होते हे ठाऊक आहे आणि तरीही जो कोसळला नाही.

मला हॉज यांचेच म्हणणे पटते. मी दृढीकरण घेऊ शकतो का?

हो. दृढीकरणाच्या वेळी मतांगिकार म्हणावा लागतो आणि बाप्तिस्म्याच्या वचनांची पुनरुक्ती करावी लागते. त्यात या मुद्द्याचा उल्लेख नाही. फक्त आपले म्हणणे वर्गात मांडा, आणि शक्य तर गेथशेमानेचा धडा असेल त्या दिवशी मांडा. पेपरफुटीचा प्रश्न विचारणारा तो मुलगा आता शब्बाथशाळेत शिकवतो आणि अजूनही हॉज यांच्याच बाजूचा आहे.